पाहिलेला चहा

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला, तशी मी मान डोलावून मोठ्या ऐटीत म्हणाले, “शिंपू दु.” म्हणजे, छान झालाय. जवळजवळ चाळीस वर्षं जपलेलं हे एकुलतं एक वाक्य अखेर योग्य जागी खर्च होतंय, असं मला वाटलं होतं. लेहमधल्या त्या स्वयंपाकघरात लोखंडी थाप धडधडत होता. थाप म्हणजे चूल, पण नक्षीदार पत्र्याची, ऐसपैस, घरातल्या कर्त्या माणसासारखी मधोमध बसलेली. भिंतभर फळ्यांवर तांब्यापितळेची भांडी ओळीनं मांडली होती आणि खिडकीशी आबी-ले जपमाळ ओढत बसल्या होत्या. आबी म्हणजे आजी, आणि मागचा ‘ले’ आपल्या ‘जी’सारखा. माझं वाक्य ऐकून त्यांची बोटं मण्यावर थांबली. त्यांनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं त्यांच्याकडं, आणि दोघी हसल्या. कुचेष्टेनं नव्हे, पण हसल्या. आबी-ले काहीतरी पुटपुटल्या आणि सूनबाईंनी मला हिंदीत सांगितलं, “विचारतायत, चहा नुसता पाहिलात की प्यायलात?”

मी पेल्यात पाहिलं. अर्धा संपला होता.

लेहला येऊन तीन दिवस झाले होते. बरोबरच्या मैत्रिणी पहाटेच पँगाँगला गेल्या होत्या आणि मी डोक्यापायी मागं राहिले होते. पुण्यात वाढलेल्या सवयी घेऊन विमानातून थेट 3,500 मीटरवर उतरलं की शरीराला कळतच नाही काय करावं. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की छातीत कुणी धान कांडतंय असं वाटायचं. घरच्या सूनबाई शाळेत शिकवतात, त्यांना त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी मला खोलीत एकटीला पडू दिलं नाही, स्वयंपाकघरातच गादी घातली. तिथं आग्रहाचा एक संथ खेळ चालतो. आपण चहा नको म्हणायचं, त्यांनी “दोन, दोन-ले” म्हणजे ‘घ्या, घ्या ना’ म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, मग त्यांनी ओतायचंच. (पहिल्या दिवशी मी ते आपलं मराठी ‘दोन’ समजले आणि बाई दोनच पेले का मोजून देतायत याचं नवल करत बसले.) एक घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ. आपल्याकडं पंगतीत वाढप्यापुढं ताटावर हात आडवा धरून झटापट चालते तसंच, फक्त आवाज खालच्या पट्टीत. लोणी आणि मीठ घातलेल्या त्या गुरगुर चहाचा ओठांना लागणारा तवंग, वरून थापमधल्या शेणाच्या गोवऱ्यांचा वास. दुसऱ्या पेल्यापर्यंत तो मला चहा वाटतच नव्हता, सूप वाटत होतं. तिसऱ्या पेल्याला डोकं हलकं झालं आणि मी ते वाक्य बोलले.

दोघी का हसल्या, ते सूनबाईंनी दुपारभर भाजी निवडता निवडता समजावलं. लडाखीत ‘आहे’ म्हणायला एक शब्द पुरत नाही. जे माझं आहे, जे मला मुळातच ठाऊक आहे, त्याला ‘योत’. माझ्या घरात पाणी आहे, मला मुलगी आहे, तिथं योत. जे डोळ्यांना दिसलं, त्याला ‘दुक’. आणि जे दिसत नाही पण जाणवतं, चव, वास, आवाज, थंडी, भूक, दुखणं, त्या सगळ्याला ‘रक’. चहा चवीला छान: झिम्पो रक. थंडी वाजतेय: टंगमो रक. भूक लागलीय: ल्तोक्स रक. रात्री बाहेर कुत्रं भुंकतंय, दिसत नाही, फक्त ऐकू येतंय, तर तिथंही रकच. चहाला दुक लावलं की अर्थ होतो, दिसतोय तर झकास, तोंडाला लावायचा आहे अजून. म्हणजे वाक्य संपवण्याआधी दर वेळी साक्ष द्यायची, हे तुला कळलं कसं? तलाठ्यापुढं पंचनाम्याला उभं राहिल्यासारखं. आणि हे सगळं त्यांच्याकडं तीन वर्षांचं पोर सहज करतं, जसं आपलं पोर ‘तो टेबल’ म्हणत नाही, ‘ते टेबल’च म्हणतं, आणि का ते सांगू शकत नाही.

“डोकं अजून दुखतंय? झुर्मो रग-आ?” असं त्या मला अधूनमधून विचारत होत्या. मी विचारलं, मग माझं डोकं दुखतंय हे तुम्ही आबी-लेंना सांगताना काय म्हणता? तिथंही रक? त्यांनी भाजीची काडी हातात तशीच धरून माझ्याकडं पाहिलं. “ते रक मी कसं म्हणणार? ते तर तुम्हाला होतंय.” दुसऱ्याच्या दुखण्याला अंदाजाचं रूप लावायचं. किंवा सरळ शेवटी ‘लो’ जोडायचा. तिचं डोकं दुखतंय लो.

लो म्हणजे म्हणे. ‘पाऊस आला म्हणे’, ‘लग्न मोडलं म्हणे’ यातला म्हणे. मला एवढा आनंद झाला की मी गादीवर उठून बसले आणि पुन्हा डोकं धरलं.

माझ्या आयुष्यातला पहिला पंधरा वर्षांचा काळ या एका शब्दावर चालला होता. आमचं गाव अर्जुनी मोरगावजवळ, आताच्या गोंदिया जिल्ह्यात. तेव्हा भंडारा जिल्हाच होता, गोंदिया 1999 मध्ये वेगळा झाला. इटियाडोहच्या धरणाकडं जाताना गोठणगाव लागतं आणि तिथं तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. 1972 मध्ये वसलेली. आमच्या भागात तिचं नाव कुणी घेत नाही, सगळे नुसतं ‘कॅम्प’ म्हणतात. उन्हाळ्यात पारा 46 च्या पुढं जाणाऱ्या, सागाच्या, धानाच्या बांध्यांच्या त्या मुलखात बर्फातून आलेली माणसं धान पेरत होती, रोवणी करत होती, आणि त्यांच्या घरांवरच्या रंगीत पताका बांधावरून फडफडताना दिसायच्या. हिवाळा आला की त्यातली निम्मी माणसं लुधियानाहून आणलेले स्वेटर घेऊन शहरांत विकायला बसत. नागपूरला मावशीकडं गेलो की आई त्यांच्याशी घासाघीस करायची, आणि ‘आम्ही तुमच्या कॅम्पाजवळचेच’ म्हणून पाच रुपये कमी करून घ्यायची. एवढ्यापुरतं ते आमचे होते.

बाकी सगळं म्हणे. आमच्या झाडीबोलीत ण नाही, म्हणून ‘म्हने’. ते लोक म्हने साप खातात. ते लोक म्हने महिना महिना आंघोळ करत नाहीत. त्यांच्या देवाला म्हने दारू लागते. गाईचं खातात म्हने. यातलं कुणी काय पाहिलं होतं? कुणी काहीही पाहिलं नव्हतं. पण ‘म्हने’ एकदा लावलं की पाहण्याची गरज उरत नाही, हीच त्या शब्दाची सोय. लडाखी लो आणि आपला म्हणे एकाच कामाचे, पण एक फरक मला तिथं बसल्या बसल्या जाणवला. त्यांच्याकडं लो न लावता ऐकीव गोष्ट सांगितली तर ते खोटं बोलणं होतं. आपल्याकडं म्हणे लावलं काय आणि गाळलं काय, ऐकणारा तेवढीच मान डोलावतो. दोन-चार तोंडांतून गेल्यावर तो शब्द गळून पडतो आणि साप खातात एवढंच उरतं.

बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. कॅम्पातल्या गाई आजारी पडल्या की त्यांना बोलावणं यायचं आणि सुट्टी असली की सायकलच्या दांडीवर बसून मीही जायची. तिथं एक म्हातारी होती, तिला सगळे ‘मोमो-ला’ म्हणत. मोमो म्हणजे आजी, आणि तिकडचा ‘ला’ म्हणजे लेहचा ‘ले’, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. मोमो-ला लाकडी नळकांड्यात दांडका खालीवर करून चहा घुसळायची. त्याचा आवाज अजून कानात आहे, ओल्या चिखलात पाय काढावा-घालावा तसा. बाबांनी औषध पाजलं, हात धुतले की ती चहा आणायची, आणि बाबा मोठ्यानं म्हणायचे, “शिंपू दु!” तिला भारी आनंद व्हायचा. सगळा एकमेव दात दाखवून हसायची. घरीही ते आमचं घरगुती वाक्य झालं. आईनं गोळाभात केला की बाबा पहिल्या घासाला शिंपू दु म्हणत. आम्ही भावंडंही म्हणू लागलो. भाऊ अजून व्हॉट्सॲपवर कुणी पुरणपोळीचा फोटो टाकला की तेवढंच लिहितो.

तर मी लेहला गेले ती ही शिदोरी घेऊन. माझा समज असा की तिबेटी म्हणजे तिबेटी. कॅम्पात चाललं ते लेहमध्ये चालणारच.

संध्याकाळी मैत्रिणींना सोडायला आलेला ड्रायव्हर जेवायला थांबला. तो कारगिलचा. पुढ्यात वरण-भात आला आणि आबी-ले त्याला म्हणाल्या, डस घे. तो म्हणाला, आमच्याकडं याला ब्रस म्हणतात. मला कॅम्पातला शब्द आठवला, डे. बांधीवर रोवणीला आमच्या बायकांबरोबर त्यांच्या बायकाही असायच्या, तेव्हा कानावर पडलेला. एकाच ताटातला भात, आणि डे, डस, ब्रस असे तीन घास. सूनबाईंनी उठून शाळेचं पुस्तक आणलं आणि मला तो शब्द लिहिलेला दाखवला. अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण बघत राहिले, कारण त्यांचं वळण कुठंतरी ओळखीचं वाटतं. सातव्या शतकात थोन्मी संभोट नावाचा मंत्री भारतात येऊन लिपी शिकून गेला, असं तिथली परंपरा मानते. गुप्तकाळातल्या लिपीचं ते लेकरू, म्हणजे आपल्या देवनागरीची चुलत बहीण. सूनबाई एकेका अक्षरावर बोट ठेवत गेल्या. सुरुवातीचं एक मुकं अक्षर सोडलं तर ब, त्याच्या पायाशी र, शेवटी स. लिहिलंय ब्रसच. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी ते तसंच बोलत असणार. पुढं ल्हासाकडं उच्चार झिजत झिजत डे झाला, लेहमध्ये अर्धा झिजून डस झाला, आणि कारगिलच्या या पोराच्या तोंडात जसाच्या तसा राहिला. तो पोरगा शिया मुसलमान, उर्दूत शिकलेला. पुस्तकातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

हे त्यालाही गमतीचं वाटत होतं. त्यानं मग बोटांवर अंक मोजून दाखवले. तुर्तुककडचे बाल्टी लोक तीनला ख्सुम म्हणतात आणि चारला ब्झि. लेहमध्ये सुम आणि झि, कॅम्पात सुम आणि शि. लिहिताना मात्र सगळ्यांचा ग आणि ब जागच्या जागी. जे ही लिपी रोज वाचतात त्यांना पुढची अक्षरं मुकी, आणि ज्यांच्या तोंडी ती अक्षरं अजून बोलतात त्यांनी काही शतकांपूर्वी धर्माबरोबर लिपीही बदलली. त्यांच्या घरात केसर राजाच्या कथा मात्र अजून सांगतात, त्या बौद्धांच्याही आहेत आणि यांच्याही. तुर्तुक 1971 च्या युद्धात भारताकडं आलं, तेव्हापासून गावातली कितीतरी घरं अर्धी इकडं, अर्धी पाकिस्तानातल्या स्कर्दू-खपलूकडं. याच्या आजीची बहीण स्कर्दूला. तिच्या नातवंडांशी तो फोनवर आवाज भरून पाठवतो. लिहीत का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, कोणत्या अक्षरात लिहू?

पुण्याला परतल्यावर मी वाचत बसले. आता इथून पुढच्या दोन-तीन परिच्छेदांतल्या प्रत्येक वाक्यामागं प्रामाणिकपणे लो लावायला हवा, पण वाचकांनीच तो मनातल्या मनात लावून घ्यावा. या तिबेटी कुळात सुमारे पन्नास भाषा आणि दोनशेहून जास्त बोली आहेत, पाकिस्तानातल्या बाल्टिस्तानपासून चीनच्या सिचुआन-गान्सूपर्यंत, मध्ये लडाख, स्पिती, नेपाळातले शेर्पा, सिक्कीमचे भुतिया, भूतानची जोंगखा. सगळ्यांचं मूळ त्या एका जुन्या तिबेटीत. ईशान्य तिबेटातल्या अम्दोचा माणूस आणि ल्हासाचा माणूस भेटले तर गप्पा व्हायच्या नाहीत, खुणा होतील. त्यांच्यात म्हण आहे, दर खोऱ्याची बोली वेगळी, दर लामाचा धर्म वेगळा. आपली म्हण बारा कोसांची. त्यांचं कोसांनी भागत नाही, खिंडीनं मोजावं लागतं. लडाख शब्दातला पहिला ‘ल’ म्हणजेच खिंड.

या खोऱ्यांत भाषा शोधायला आलेल्या लोकांच्या गोष्टीही चमत्कारिक आहेत. चोमा द कोरोश नावाचा एक हंगेरियन माणूस आपल्या हंगेरियन लोकांचं मूळ शोधत आशियात आला, 1823 मध्ये झंस्करमधल्या झांगला गावी जाऊन बसला आणि एका लामाजवळ बर्फाळ खोलीत तिबेटी शिकला. हंगेरियन लोकांचं मूळ त्याला काही मिळालं नाही. 1834 मध्ये कलकत्त्याला त्याचा तिबेटी कोश आणि व्याकरण मात्र छापून आलं. लाहौलमधल्या केलाँगला राहिलेल्या येश्के नावाच्या मिशनऱ्यानं 1881 च्या आपल्या कोशात एकेका शब्दाचे उच्चार बाल्टीपासून पूर्व तिबेटातल्या खामपर्यंत रांगेत मांडून दाखवले आहेत. तो तक्ता पाहताना मला आमच्या वरणभाताचं ताटच दिसलं. त्याच मिशनातल्या फ्रांकेनं 1904 मध्ये लेहमधून तिथल्या भाषेत वर्तमानपत्र काढलं. या मंडळींना ख्रिस्ताची गोष्ट लोकांना कळेल अशा बोलीत सांगायची होती, म्हणून त्यांनी बोलीकडं कान दिला. उद्देश काहीही असो, कान दिला हे खरं.

कारण लेहमध्ये आजही हा वाद आहे, आणि तो सूनबाईंच्या स्वयंपाकघरातही आहे. शाळेत शिकवतात ती भोटी पुस्तकी, ग्रंथांच्या वळणाची. तिच्या व्याकरणात आबी-लेंचा रक बसत नाही. मुलं घरी एक बोलतात, वहीत दुसरंच लिहितात आणि शेवटी कंटाळून दोन्हीऐवजी इंग्रजीत लिहितात. बोलीत लिहा म्हटलं की जुने लोक चिडतात. ती धर्माची अक्षरं आहेत, त्यात बाजारातलं बोलणं भरायचं? धर्माची भाषा ती छोस्कत, बाकीची फलस्कत, म्हणजे गावंढळ. दुसरी बाजूही अगदीच पोकळ नाही. प्रत्येक खोऱ्यानं आपापलं लिहायला घेतलं तर लेहचं पत्र झंस्करला कळणार नाही, आणि आज निदान त्या मुक्या अक्षरांच्या आधारानं हजारो मैलांवरची माणसं एकमेकांचं वाचू शकतात. मला दोन्ही पटतं. जून 2025 मध्ये लडाखच्या अधिकृत भाषा ठरल्या: इंग्रजी, हिंदी, उर्दू, भोटी आणि पुर्गी. पुर्गी म्हणजे आमच्या ड्रायव्हरची. आणि ज्यांचं नुसतं संवर्धन करायचं त्या भाषांमध्ये शिना, ब्रोक्सकत, बाल्टी आणि लडाखी. भोटी वर आणि लडाखी खाली! एकाच बाईची दोन नावं दोन रेशनकार्डांवर असावीत तसं. 

यावर मला हसू येत नाही, कारण मी त्याच घरातली आहे. पाचवीत असताना मी ‘माझे डोरे लाल झाले’ असं म्हटलं आणि वर्ग दणाणून हसला. डोळे म्हणायला माझी जीभ वळत नव्हती. गुरुजींनी फळ्यावर ळ काढून वीस वेळा गिरवायला लावला. पुण्याला येईपर्यंत माझा ळ इतका घोटीव झाला होता की इथल्या बायका मला विचारायच्या, तुम्ही विदर्भातल्या वाटत नाही हो. आणि मी ते कौतुक समजायची. महानुभावांची एक गोष्ट त्या काळात कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण त्यानं त्यांच्या म्हाताऱ्या वंचित झाल्या असत्या. त्यांनी विचार केला तो पंडितांचा नाही, म्हाताऱ्यांचा. आबी-ले वाचत नाहीत. नातवाच्या पुस्तकातलं कुणी वाचून दाखवलं तरी त्यांना निम्मं कळत नाही. पण चहा पाहिला की प्यायला, यातला फरक त्या घरात सगळ्यात आधी त्यांना कळला.

आता मूळ गोष्ट.

पाहिला की प्यायलात, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. चूक तर साधी होती. कॅम्पातल्या लोकांची बोली ल्हासाच्या वळणाची आणि तिथं ‘दु’ला डोळा-जीभ असा भेद नाही, जे काही जाणवलं, पाहिलं, चाखलं, सगळ्याला दु. मोमो-लाच्या घरी शिंपू दु अगदी बरोबर होतं. लेहमध्ये चुकलं, एवढंच. पण त्या रात्री गादीवर पडल्या पडल्या, थापच्या विझत्या उजेडात, मला कॅम्पातलं अंगण दिसू लागलं. बाबा बाजेवर बसलेत. गळ्यात तुळशीची माळ. मोमो-ला चहाचा पेला देते. बाबा मोठ्यानं म्हणतात, शिंपू दु. ती खुशीत आत वळते, माझ्यासाठी बिस्किटं आणायला. आणि बाबांचा हात बाजेखाली जातो, शेजारच्या झेंडूच्या वाफ्याकडं. पेला रिकामा होऊन वर येतो. मोमो-ला परत येते, रिकामा पेला पाहून आणखी खूश होते आणि पुन्हा भरते.

दर वेळी असंच व्हायचं. मी पाहिलं होतं. दुक.

माझा पेला बाबा माझ्या हातातून अलगद घेत आणि तोही तिकडंच जाई. कॅम्पात बिस्किटं चालत, ती पुड्यातली म्हणून. चहाचं मात्र म्हने होतं. माळकऱ्यानं तिथलं घेऊ नये म्हने. म्हणजे ज्या चहाची आमच्या घराण्यानं चाळीस वर्षं तारीफ केली, तो कुणी चाखलाच नव्हता. आबी-लेंच्या हिशेबानं बाबांचं वाक्य अक्षरशः खरं होतं. चहा पाहिला होता. छान दिसत होता. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. झेंडू मात्र तिथला काय टपोरा यायचा! मोमो-लाला माहीत होतं का, हे मी रात्रभर उलटसुलट केलं. खारट लोणकट पाणी रोज पिणारा वाफा घरच्या बाईला कळत नसेल? आणि कळत असूनही ती पुन्हा भरत असेल तर? बाबांनी आपल्या गाई वाचवल्या एवढं तिला पुरत असेल, की रिकामा पेला दिसला की भरायचा एवढाच तिच्याकडचा नियम होता? मी कोणतं रूप लावणार? माझ्याकडं यातलं योतही नाही आणि रकही नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आबी-लेंनी माझ्या गावाबद्दल विचारलं. मी सांगितलं, आमच्याकडं तिबेटी लोकांचं एक गाव आहे, भरपूर उन्हाचं, ते तिथं भात पिकवतात. सूनबाईंनी ते लडाखीत सांगितलं आणि वाक्याच्या शेवटी मला स्पष्ट ऐकू आलं, लो. माझ्या डोळ्यांसमोरची रोवणी, माझ्या पायाला लागलेला चिखल, आणि आबी-लेंच्या स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तो म्हणे झाला होता. ते रास्तच होतं. सूनबाईंनी थोडंच पाहिलं होतं? आबी-ले थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. “डस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, डस. त्यांनी पेला भरला.

जेवण झाल्यावर वायफायला जरा धुगधुगी आली, तशी मी घरी फोन लावला. बाबा आता 84 वर्षांचे. ऐकू कमी येतं, टीव्ही मोठ्यानं चालू असतो. थंडी किती, जेवलीस काय, हे झालं. मग मी विचारलं, “बाबा, कॅम्पातल्या मोमो-लाचा चाहा तुमी कधी पेला का जी?”

“कोनता चाहा?”

“लोन्याचा. तुमी शिंपू दु म्हनत होते तो.”

पलीकडं टीव्हीवर कुणीतरी हरिपाठ म्हणत होतं. बराच वेळ तेवढंच ऐकू येत राहिलं. मला वाटलं, फोन कट झाला.

“मीठ असते म्हने त्याच्यात,” बाबा म्हणाले.